साझाए-सान म्हातारी का होत नाही? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की जगात सगळ्यात जास्त काळ चालू असलेली ॲनिमेशन मालिका म्हणजे जपानची 'साझाए-सान', 1969 पासून चालू आहे आणि ती पेपरात येणाऱ्या कॉमिक स्ट्रिपवरून आलीय. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर तिलाच देऊन टाकते. मला स्वतःला मनापासून आनंद झाला, कारण जपानी शिकताना मी पहिल्यांदा जे काही डिक्शनरी बाजूला ठेवून वाचू शकले ते याच स्ट्रिपचं जपानी-इंग्रजी असं दोन भाषांतलं पुस्तक होतं, आणि तेव्हापासून हे कुटुंब मला घरचंच वाटतं.

ताई, आम्हाला डोरेमॉन माहितीय, शिनचॅन माहितीय, साझाए-सान हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. पेपरातली स्ट्रिप म्हणजे तीपण मांगाच, म्हणजे जपानी कॉमिकच ना? मग वेगळं काय त्यात?

मांगाच, पण जात वेगळी. डोरेमॉन मुलांच्या मासिकांतून आला, शिनचॅन मोठ्यांच्या एका साप्ताहिकातून आला, तिथे एका भागाला बरीच पानं मिळतात. पेपरातल्या स्ट्रिपला मिळतात चार चौकटी. बस. जपानीत याला योनकोमा म्हणतात, चार चौकटी एकाखाली एक, पानाच्या एका कोपऱ्यात, आणि हे रोज. म्हणजे रोज नवीन काहीतरी सुचलंच पाहिजे आणि ते चार चौकटीत संपलंच पाहिजे, उद्या बघू असं म्हणायची सोय नाही.

हे काम माचिको हासेगावा या बाईंनी 1946 च्या एप्रिलमध्ये सुरू केलं तेव्हा त्या 26 वर्षांच्या होत्या. युद्ध संपून जेमतेम आठ महिने झालेले, फुकुओका शहर बॉम्बिंगमध्ये जळालेलं, आणि तिथल्या एका स्थानिक संध्याकाळच्या पेपरात ही स्ट्रिप आली. पात्रांची नावं त्यांना मोमोची नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरताना सुचली, म्हणून सगळं घर समुद्रातलं आहे. नायिकेचं नाव साझाए म्हणजे शंखात राहणारा एक समुद्री जीव, तिकडे तो भाजून खातात. भाऊ कात्सुओ म्हणजे बोनिटो मासा, धाकटी बहीण वाकामे म्हणजे समुद्री शेवाळ, नवरा मासुओ म्हणजे ट्राउट, मुलगा तारा म्हणजे कॉड, वडील नामिहेई यांच्या नावात लाट आहे आणि आई फुने म्हणजे चक्क होडी. आडनाव इसोनो, त्यात पण समुद्रकिनारा. जपानी माणसाला ही नावं वाचतानाच हसू येतं, आपल्याला ते समजावून सांगावं लागतं, काय करणार.

पुढे हासेगावा टोकियोला आल्या, स्ट्रिप 1949 मध्ये आसाही शिंबुन या मोठ्या पेपरात गेली आणि 1974 च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. एकूण 6,477 स्ट्रिप्स. मालिका फुजी टीव्हीवर 5 ऑक्टोबर 1969 ला सुरू झाली, म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ पेपरात रोज सकाळी एक साझाए आणि टीव्हीवर दर रविवारी संध्याकाळी दुसरी साझाए, अशा दोघी एकदम चालू होत्या. हे लक्षात ठेवा, पुढच्या एका उत्तरात लागणार आहे.

चार चौकटी वाचायला दहा सेकंद लागतात. त्याचा टीव्हीचा एपिसोड कसा काय होतो? ताणत नाहीत का?

खरं सांगू का, स्ट्रिपवरून मालिका करणारे बहुतेक जण इथेच अडकतात. साझाए-सानवाल्यांनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी अर्ध्या तासाची एक गोष्ट केलीच नाही. दर रविवारी साडेसहाला अर्ध्या तासात तीन वेगवेगळ्या गोष्टी, प्रत्येक साधारण सात मिनिटांची. म्हणजे स्ट्रिपचा छोटेपणा ठेवला. लेखक मूळ स्ट्रिप्समधला प्रसंग उचलतात आणि त्याच्या मागेपुढे घर उभं करतात.

चार चौकटींचं एक ठरलेलं व्याकरण आहे, पहिलीत सुरुवात, दुसरीत ती पुढे सरकते, तिसरीत भलतंच वळण आणि चौथीत शेवट. आता समजा कात्सुओने कमी मार्कांचा पेपर लपवला. स्ट्रिपमध्ये हे कसं येईल तर लपवला, आई आली, आईला दुसरंच काहीतरी सापडलं, संपलं. टीव्हीवर मात्र लपवायला जागा शोधण्यातच एक मिनिट जातं, वाकामेनं बघितलेलं असतं पण ती गप्प बसायचं काहीतरी वसूल करते, तीन वर्षांचा तारा सगळ्यांसमोर निरागसपणे विचारतो की मामानं तो कागद तिकडे का ठेवला, एक सेकंद सगळे स्तब्ध, आणि मग आजोबा नामिहेई, टक्कल, डोक्यावर मधोमध एकच केस, तोंड उघडून ओरडतात, "बाकामोन!" म्हणजे अरे मूर्खा. जपानमध्ये हा शब्द कानावर पडला की नामिहेई आठवतातच. बघा, तिसऱ्या चौकटीचं वळण आहे तिथेच आहे, फक्त तिथपर्यंत पोचायची वाट लांब केलीय, आणि त्या वाटेवर घरातली सगळी माणसं भेटतात. मला नाही वाटत याला ताणणं म्हणता येईल.

आवाजाचा प्रश्न पण असाच असतो. कागदावर प्रत्येक वाचकाच्या डोक्यात पात्राचा आपापला आवाज असतो, टीव्हीवर एकच द्यावा लागतो. अमेरिकेत गारफील्ड मांजराचं बघा, स्ट्रिपमध्ये तो बोलत नाही, त्याच्या डोक्यावर विचारांचा फुगा येतो, म्हणून 1988 मध्ये त्याची मालिका आली तेव्हा आवाज दिला पण तोंड हलवलं नाही. चार्ली ब्राउनच्या स्ट्रिपमध्ये मोठी माणसं दिसतच नाहीत, तर टीव्हीवर बाई वर्गात बोलतात तेव्हा नुसता ट्रॉम्बोनचा वाँव-वाँव आवाज येतो. किती साधं आणि किती चपखल! ज्यांनी मूळ स्ट्रिप प्रेमाने वाचलीय त्यांनाच असलं सुचतं असं माझं ठाम मत आहे.

साझाए लग्न झालेली आहे पण माहेरी राहते आणि नवरापण तिथेच. म्हणजे मासुओ घरजावई का? जपानमध्ये असं चालतं?

अगदी नेमका प्रश्न विचारलात! जपानमध्ये घरजावई ही जुनी पद्धत आहे, पण तिथे जावयाला दत्तक घेतात आणि तो सासऱ्यांचं आडनाव लावतो. मासुओनं तसं केलेलं नाही. तो फुगुता, साझाएपण लग्नानंतर फुगुता, त्यांचा मुलगापण फुगुता, आणि आईवडील, कात्सुओ, वाकामे हे इसोनो. एका घरात दोन आडनावं, म्हणजे तो नुसता सासरी राहणारा जावई.

आणि ते तिथे कसे आले याची मूळ स्ट्रिपमधली गोष्ट ऐका. लग्नानंतर दोघं भाड्याच्या घरात राहत होते. जळणाला लाकूड नाही म्हणून मासुओ घरमालकाचं कुंपणच करवतीनं कापायला लागला, मालक चिडला आणि जोडप्याला घर सोडावं लागलं, ते थेट साझाएच्या माहेरी. आता हा विनोद आहे, पण जळणासाठी कुंपण कापायची वेळ येते ती कुठल्या काळात? युद्धानंतरच्या टंचाईत. तेव्हा पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला ते घरचंच दुखणं होतं. आजच्या मालिकेत मासुओ हा मवाळ, सासऱ्यांबरोबर बसून गप्पा मारणारा जावई आहे, कुंपण, करवत, जळण, सगळं मागे राहिलं.

मी काही एपिसोड पाहिले. बाई स्वयंपाकघरात, पुरुष ऑफिसात, इतकं जुनाट कुटुंब आहे. बाईनं लिहिलेली स्ट्रिप अशी कशी? मला तर राग आला.

तुमचा राग मला समजतो, मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण कृपा करून तो हासेगावाबाईंवर काढू नका, त्याच्याइतका अन्याय दुसरा नाही.

पेपरातली साझाए वेगळी होती. ती नवऱ्याला हुकूम सोडते आणि शेजारीपाजारी तोंडात बोटं घालतात, पुढे तर बायकांच्या हक्कांच्या मंडळात जाऊन गोंधळ घालून येते. रेशन, काळाबाजार, अमेरिकन सैनिक, महागाई, सगळं त्या चार चौकटीत यायचं, कारण पेपर रोजचा होता आणि स्ट्रिपला रोजच्या जगात राहावं लागायचं. मालिकेनं यातलं काय घेतलं? घर घेतलं, माणसं घेतली, स्वभाव घेतले, पण रोजची बातमी सोडून दिली. सुरुवातीच्या वर्षांत टीव्हीवरपण बरीच धडपड, आदळआपट, पळापळी होती, हळूहळू ती शांत होत गेली, आणि 1974 ला स्ट्रिप थांबल्यावर तर मागून ढोसणारं कोणी उरलंच नाही. मालिका इतकी वर्षं टिकली ती या मऊपणामुळेच टिकली हे मी मान्य करते, पण त्याची किंमत मूळ साझाएनं मोजली, तिचा तिखटपणा गेला. हे मला खरंच लागतं.

आणि बाई स्वतः कशा होत्या बघा. लग्न केलं नाही. पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा बहिणींबरोबर स्वतःची प्रकाशन संस्था काढली, नाव ठेवलं शिमाइशा, म्हणजे सरळ 'बहिणींची कंपनी'. पहिलं पुस्तक आडव्या मोठ्या आकाराचं काढलं तर दुकानदारांना ते रचून ठेवायला गैरसोयीचं व्हायचं, प्रती परत यायला लागल्या, मग दुसरा भाग लहान आकारात काढला आणि तो चालला. एका बस कंपनीनं गाड्यांवर न विचारता साझाए, कात्सुओ, वाकामे यांचे चेहरे रंगवले तर कोर्टात गेल्या, आणि 1976 मध्ये टोकियोच्या कोर्टानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. जपानमध्ये कार्टूनमधल्या पात्रांच्या हक्कांबद्दल बोलताना हा खटला अजून काढतात. त्यांनी एका खोडसाळ, दुष्ट आजीवरपण स्ट्रिप काढली होती, ती वाचलीत तर तुमचा राग नक्की जाईल. 1992 मध्ये त्या गेल्या, आणि त्यानंतर सरकारनं त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला. जिवंतपणी द्यायला हवा होता.

या लोकांचं वय का वाढत नाही? आणि त्यांच्या घरात मोबाइल का नाही?

साझाए 24, मासुओ 28, कात्सुओ पाचवीत, वाकामे तिसरीत, तारा 3, नामिहेई 54, हे तेव्हा होतं आणि आजही आहे. पण गंमत म्हणजे ऋतू मात्र अगदी काटेकोर बदलतात. बाहेर चेरी फुलली की त्यांच्याकडेपण फुलते, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी कात्सुओचा होमवर्क राहिलेला असतो, वर्षअखेरीला घराची साफसफाई निघते. वर्ष फिरतं, पुढे जात नाही. पेपरातल्या स्ट्रिपचा हाच स्वभाव असतो, आजचा अंक कालचा विसरून जातो, तो टीव्हीवर जसाच्या तसा आला.

मोबाइलचं म्हणाल तर घरात अजून डायल फिरवायचा काळा फोन आहे. मला वाटतं ते बरोबरच केलं, मोबाइल आला की अर्ध्या गोष्टी बंद पडतील, कारण त्यातल्या निम्म्या गोंधळांचं मूळ निरोप उशिरा पोचणं किंवा चुकीचा पोचणं हेच आहे.

रविवारी संध्याकाळी लागते म्हणून आणखी एक झालंय, शेवटचं गाणं संपलं की उद्या शाळा, उद्या ऑफिस, पोटात गोळा. या सोमवारच्या धास्तीला जपानीत चक्क 'साझाए-सान सिंड्रोम' म्हणतात. 16 सप्टेंबर 1979 च्या भागाला 39.4 टक्के रेटिंग होतं, आता विचार करा एकाच वेळी किती पोटांत गोळा येत असेल.

मी ॲनिमेशन शिकतोय. ही मालिका खूप उशिरापर्यंत सेलवर काढायचे म्हणतात ते खरं का?

खरंय. जपानमधल्या बाकी मालिका कॉम्प्युटरवर गेल्या तरी साझाए-सान सेलवर, म्हणजे हातानं रंगवायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तुकड्यांवर चालू होती, टीव्हीवरची ती शेवटची सेल मालिका. 2013 च्या ऑक्टोबरपासून पूर्ण डिजिटल झाली, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात गिनेसचं सर्टिफिकेट मिळालं होतं. तुला माहिती असेलच, सेलवर रेघ पुढच्या बाजूला असते आणि रंग मागच्या बाजूनं भरतात म्हणजे रेघेवर रंग चढत नाही, मग ते सेल रंगवलेल्या बॅकग्राउंडवर ठेवून एकेक फ्रेम फोटो काढायचा. जुने भाग मिळाले तर कपड्यांच्या सपाट रंगाकडे नीट बघ, तो किंचित थरथरतो, कधी एखादा धुळीचा कण क्षणभर चमकून जातो. डिजिटल भाग एकदम स्वच्छ असतात. मला थरथरणारा रंग जास्त आवडतो, कारण तिथे हात दिसतो. जुने भाग मिळणं मात्र कठीण, हासेगावाबाईंच्या इच्छेमुळे मालिकेच्या कॅसेट किंवा डीव्हीडी निघाल्याच नाहीत.

पात्रं तीच राहिली तरी आवाज देणारी माणसं तर माणसंच आहेत ना?

हा प्रश्न वाचून मी थोडी थांबलेच. हो. साझाएचा आवाज पहिल्या दिवसापासून मिदोरी कातो यांचा, सुरू केलं तेव्हा त्या 29 वर्षांच्या होत्या आणि पन्नास वर्षं उलटून गेली तरी त्या 24 वर्षांच्या बाईचा आवाज काढत आल्या. नामिहेईंना आवाज देणारे इचिरो नागाई 2014 मध्ये गेले, तेव्हा नामिहेई त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान, 54 चेच. आणि तीन वर्षांच्या ताराचा आवाज 1969 पासून एकच बाई देत होत्या, ताकाको सासुगा, त्या 2023 मध्ये 87 व्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत त्या तीन वर्षांच्या मुलाच्या आवाजात बोलत होत्या, यावर मी आणखी काय लिहू.

2020 मध्ये कोरोनामुळे रेकॉर्डिंग थांबलं तेव्हा जुने भाग परत दाखवावे लागले, असं 1975 नंतर पहिल्यांदाच झालं.

मी चौथीत आहे. साझाए शेवटी दगड-कागद-कात्री खेळते असं माझा दादा म्हणाला. टीव्हीशी कसं खेळणार? आणि ती कधी हरते का?

दादा बरोबर सांगतोय बाळा. आधी ती शेवटी खाऊ वर उडवून तोंडात झेलायची आणि तो घशात अडकायचा, मग लहान मुलांनी बघून तसं केलं तर धोका आहे म्हणून ते बंद केलं. 1991 पासून ती "जान, केन, पोन!" म्हणते आणि एक पाटी दाखवते. दगड म्हणजे गू, कात्री म्हणजे चोकी, कागद म्हणजे पा. तू टीव्हीसमोर त्याच वेळी हात पुढे करायचा. तिला तुझा हात दिसत नाही म्हणून ती चीटिंग करू शकत नाही, आणि अर्थातच हरते, जपानमध्ये दर रविवारी कितीतरी मुलं तिला हरवतात. काही हौशी मोठी माणसं तर तिनं कधी काय दाखवलं याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवतात, आणि त्यांचं म्हणणं असं की तोच हात ती सलग दोन रविवार फार क्वचित दाखवते. म्हणजे मागच्या वेळी तिनं कात्री दाखवली असेल तर या वेळी बहुतेक दगड नाहीतर कागद. मग तू कागद दाखव. दगड आला तर जिंकलास, कागद आला तर बरोबरी.